प्रेअरीच्या ओढ्याला माशांवरून गुण देताना: मोजणी कशी करायची आणि आकडा कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅन्सस, नेब्रास्का, मोंटाना या भागांतल्या गवताळ मैदानांमधून वाहणाऱ्या ओढ्यांचं आरोग्य माशांवरून ठरवतात, ते नेमकं कसं? आणि एकाच जागी दुष्काळी वर्षात १०० पैकी ३८ आणि पुढच्या ओल्या वर्षात ६१ गुण आले, तर खरा आकडा कोणता?

दोन्ही खरे असू शकतात. प्रेअरीच्या ओढ्यातले मासे आधी पाण्याची हकिगत सांगतात आणि मग माणसाने केलेल्या नुकसानीची. या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नसतील, तर कितीही काळजीने काढलेला आकडा दिशाभूलच करतो. म्हणून मोजणीची रीत आणि वाचनाची रीत दोन्ही सांगतो. वाचनावर जास्त वेळ घालवणार आहे, कारण चुका तिथेच जास्त होतात.

या पद्धतीचा पाया १९८१ सालचा. अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यात पाण्याची रासायनिक, भौतिक आणि जैविक अखंडता राखायची असं उद्दिष्ट होतं. यातली जैविक अखंडता मोजायची कशी, याचं एक उत्तर जीवशास्त्रज्ञ जेम्स कार यांनी इलिनॉय-इंडियानाकडच्या ओढ्यांवर काम करून दिलं. त्यांनी १२ निकष घेतले: एकूण जाती किती, डार्टर, सनफिश आणि सकर या माशांच्या गटांतल्या जाती किती, प्रदूषण न सोसणाऱ्या जाती किती, सर्वभक्षी माशांचं प्रमाण किती, रोगट मासे किती, वगैरे. प्रत्येक निकषाला ५, ३ किंवा १ गुण, बेरीज १२ ते ६०. यातली मोलाची गोष्ट बेरीज नव्हे, तुलना आहे. या आकाराच्या, या भागातल्या, फारसा धक्का न लागलेल्या ओढ्यात जे मासे असायला हवेत, त्यांच्याशी समोरच्या ओढ्याची तुलना.

हेच कोष्टक जसंच्या तसं पश्चिमेकडच्या प्रेअरीवर नेलं की फसतं. मध्यपश्चिमेतल्या ओढ्यात डार्टर आणि सकर यांच्या अनेक जाती सापडतात. मोंटानाच्या पूर्व भागात उत्तम स्थितीतल्या ओढ्यातही एकूण जाती मूठभरच असतात. आणि ज्या असतात त्या मुळातच काटक. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या पुढे जातं, पहाटे पाण्यातला ऑक्सिजन अगदी कमी होतो, ऑगस्टमध्ये प्रवाह तुटून डबकी उरतात आणि एका वादळात पुन्हा पूर येतो. फॅटहेड मिनो (मिनो म्हणजे बोटाएवढ्या लहान माशांचा गट), प्लेन्स किलीफिश, ब्लॅक बुलहेड हे मासे अशा पाण्यासाठीच घडलेले आहेत. त्यामुळे ‘सोशिक मासे वाढले म्हणजे ओढा बिघडला’ हा नियम इथे लावला, तर निसर्गतः तापणाऱ्या आणि आटणाऱ्या निरोगी ओढ्यालाही आजारी ठरवाल. ग्रीन सनफिशचं उदाहरण घ्या. कार यांच्या कोष्टकात त्याचं प्रमाण वाढणं हे बिघाडाचं लक्षण होतं. कॅन्ससमध्ये तो स्थानिक आहे आणि आटणाऱ्या डोहात त्याची संख्या आपोआप वाढते. मोंटानात मात्र तो बाहेरून आणलेला आहे. एकच मासा, दोन राज्यांत दोन अर्थ.

म्हणूनच २००५ मध्ये संशोधक ब्रॅम्बलेट आणि सहकाऱ्यांनी वायव्य मैदानी ओढ्यांसाठी वेगळा निर्देशांक बांधला: दहा निकष, प्रत्येकी ० ते १०, एकूण १००. त्यात प्रदूषण सोसण्याच्या ढोबळ क्षमतेपेक्षा मासा अंडी कुठे घालतो आणि काय खातो यावर भर आहे. माझ्या मते प्रेअरीसाठी हीच दिशा बरोबर. तुमचा ओढा ज्या भागातला, त्या भागासाठी बेतलेला निर्देशांक आधी शोधा, आणि तो मिळेपर्यंत गुणांचा आग्रह धरू नका.

आता प्रत्यक्ष काम. आधी परवानग्या. मासे पकडण्यासाठी राज्याचा शास्त्रीय संकलन परवाना लागतो. कॅन्ससमध्ये जवळजवळ सगळी जमीन खासगी आहे, तेव्हा जमीनमालकाची संमती हवी. टोपेका शायनर हा लहान मासा मिळण्याची शक्यता असेल तर केंद्रीय परवानाही हवा, कारण १९९८ पासून तो संकटग्रस्त यादीत आहे.

वेळ निवडताना उन्हाळ्यातला संथ प्रवाह पाहा आणि दर वर्षी तेच आठवडे पकडा. पूर ओसरून निदान आठवडा तरी जाऊ द्या. गढूळ आणि चढत्या पाण्यात मासे पांगलेले असतात, जाळं तळाला टेकत नाही आणि संख्या खोटी येते.

ओढ्याचा जो पट्टा मोजायचा, त्याची लांबी पाण्याच्या सरासरी रुंदीच्या ४० पट, पण १५० मीटरपेक्षा कमी नको. ४ मीटर रुंद ओढ्यात १६० मीटर पुरतात, २ मीटर रुंद असला तरी १५० मीटर घ्यायचेच. अनेक ठिकाणी सरसकट ३०० मीटर घेतात आणि डोह एकमेकांपासून दूर असलेल्या ओढ्यात तेच बरं. छोट्या पट्ट्यात एखादा मोठा डोह आत आला की बाहेर राहिला, एवढ्यावर जातींची संख्या बदलते. पट्ट्याचे ११ समान अंतराचे छेद पाडून प्रत्येक छेदावर रुंदी, खोली, तळाचा प्रकार आणि काठाची स्थिती लिहा. दोन्ही टोकांना बारीक आसाची (म्हणजे बारीक भोकांची) अडवण जाळी लावा आणि ती लावताना पाण्यात कमीत कमी चाला. प्रवाह तुटलेला असेल तर पट्ट्यातलं प्रत्येक डबकं मोजा आणि ओली लांबी किती, कोरडी किती, हे वेगळं नोंदवा. ही एक नोंद पुढे सगळ्यात जास्त कामाला येते आणि नेमकी तीच फॉर्मवर नसते.

मासे पकडायला प्रेअरीत बहुतेक वेळा सीन जाळं विजेच्या झटक्याने मासे गुंगवून पकडण्यापेक्षा सरस ठरतं. सीन म्हणजे आपल्या कोकणातल्या रापणीचं दोन माणसांनी ओढायचं धाकटं रूप. आस ६ मिलीमीटर, उंची दीड-दोन मीटर, लांबी ओढ्याच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त, म्हणजे जाळ्याच्या पोटाला फुगायला जागा राहते. वाळूच्या तळाच्या ओढ्यात प्रवाहाबरोबर, पण प्रवाहापेक्षा जलद चाला. हळू चाललात तर पोट उलटं फिरतं. खालची शिशाची दोरी पुढे आणि तळाला घासत, वरची दोरी थोडी मागे. शेवटी जाळं काठावर खेचताना खालची दोरी आधी बाहेर आली पाहिजे. बहुतेक मासे निसटतात ते या शेवटच्या दोन मीटरांत. गोटे असतील तिथे दोरी उचलली जाते आणि तळाला चिकटून राहणारे डार्टर, स्टोनकॅट खालून सटकतात. अशा खळाळात जाळं खालच्या बाजूला उभं धरा आणि वरच्या बाजूचे दोन-तीन मीटर गोटे पायाने ढवळा. हे केलं नाही तर डार्टर ‘नाहीत’ असं लिहिलं जातं आणि ओढ्याचे गुण फुकट जातात.

विजेची मासेमारी करायचीच असेल तर आधी पाण्याची विद्युतवाहकता मोजा. प्रेअरीत ती १,००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या वर जाणं नवलाचं नाही. माशाच्या शरीराची परिणामकारक वाहकता साधारण १०० ते १५० धरतात. पाणी माशापेक्षा कितीतरी जास्त वाहक झालं की वीज माशातून जाण्याऐवजी त्याला वळसा घालून पाण्यातूनच जाते. पाठीवरचं यंत्र भाराने बंद पडतं, बॅटरी उतरते आणि मासा फक्त दचकून पळतो. अशा वेळी व्होल्टेज कमी करा, स्पंदित डीसी (ठोक्याठोक्याने सोडलेली एकदिश वीज) वापरा, धनाग्राचा आकार आणि बॅटरी तपासा. तरीही जमत नसेल तर सीनकडे वळा. गढूळ पाण्यात गुंगलेला मासा दिसतच नाही, हा दुसरा तोटा. रबरी वेडर (छातीपर्यंतचे जलरोधक बूट-पायजमे) आणि हातमोजे सगळ्यांना, निदान तीन माणसं, आणि जवळच्या पाण्यात गुरं उभी असताना यंत्र चालवायचं नाही. कोणतंही साधन निवडा, पण एकाच अभ्यासात वर्षागणिक साधन बदलू नका. सीनचे गुण विजेच्या गुणांशी जुळत नाहीत.

पकडलेले मासे हवा सोडणाऱ्या पंपासह बादलीत, सावलीत. ३० अंशांच्या पाण्यात दाटी झाली तर काही मिनिटांत मरायला लागतात, म्हणून प्रत्येक ओढीनंतर मोजून अडवण जाळ्याच्या बाहेर सोडा. २० मिलीमीटरपेक्षा लहान पिल्लं गुणांत धरायची नाहीत. ऑगस्टमध्ये एका यशस्वी विणीची हजारभर पिल्लं बाकी सगळ्या टक्केवाऱ्या गिळून टाकतात. रोगट मासे मोजताना व्यंग, परांची झीज, व्रण आणि गाठी एवढंच पाहा. अंगावरचे काळे ठिपके बहुधा परजीवी कृमींच्या अळ्यांचे असतात. त्या कृमींचं चक्र गोगलगाय आणि पक्षी यांच्यावर चालतं, म्हणून ते ठिपके प्रदूषणात मोजू नका.

ओळख पटवण्यात सगळ्यात अवघड गट हायबोग्नॅथस. प्लेन्स मिनो आणि वेस्टर्न सिल्व्हरी मिनो बाहेरून जवळजवळ सारखे. खात्री करायची तर कवटीच्या तळाशी मागे निघालेलं हाड पाहावं लागतं: प्लेन्स मिनोत ते अरुंद, खुंटीसारखं असतं, दुसऱ्यात रुंद. म्हणून अशा जातींचे थोडे नमुने १० टक्के फॉर्मलिनमध्ये पक्के करून मग ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. मोठ्या माशाच्या उजव्या कुशीला चीर द्या, नाहीतर आतून सडतो. डावी बाजू मोजमापासाठी शाबूत ठेवतात. संरक्षित जातीचा मात्र फक्त फोटो काढून तो सोडून द्यायचा.

गुण काढणं यापुढे सोपं आहे. प्रत्येक निकषाची खालची आणि वरची मर्यादा त्या प्रदेशातल्या अनेक ओढ्यांच्या नोंदींवरून ठरलेली असते. समजा, स्थानिक जातींची मर्यादा २ ते १२ आहे आणि तुम्हाला ८ मिळाल्या: ८ वजा २, भागिले १०, गुणिले १०, म्हणजे ६ गुण. किडे खाणाऱ्या मिनोंची मर्यादा ० ते ६० टक्के आणि तुमच्याकडे १५ टक्के, तर २.५ गुण. कुठेही वीण करू शकणाऱ्या सोशिक माशांचा निकष उलटा. मर्यादा २० ते ९० टक्के, तुमच्याकडे ५५ टक्के: ९० वजा ५५, भागिले ७०, गुणिले १०, म्हणजे ५. हे आकडे रीत कळावी म्हणून घेतले आहेत, खरे तुमच्या प्रदेशाच्या कोष्टकातून घ्या. जातींची संख्या पाणलोटाच्या क्षेत्रफळाबरोबर वाढते, तेव्हा छोट्या ओढ्याची तुलना मोठ्याशी होऊ नये याची दुरुस्ती कोष्टकात आहे का, ते तपासा. आणि एकूण मासे ५० पेक्षा कमी असतील तर टक्केवारीवर मी भरवसा ठेवत नाही. १२ माशांत एक मासा इकडचा तिकडे झाला की ८ टक्के हलतात.

आता मूळ प्रश्न. ३८ आणि ६१ मधला फरक वाचताना बेरीज बाजूला ठेवा आणि कोणते मासे गेले ते पाहा. प्रत्येक बिघाड आपल्या पद्धतीने मासे काढून घेतो.

दुष्काळात संख्या आणि जाती दोन्ही घटतात, पण उरतात ते बहुतेक स्थानिक, काटक मासे, आणि पाणी वाहू लागलं की खालच्या बारमाही डोहांतून बाकीचे परत येतात. कॅन्ससच्या फ्लिंट हिल्स टेकड्यांमधल्या कोंझा प्रेअरीतला किंग्ज क्रीक हा ओढा पाहा. वरचं पाणलोट अजून मूळ उंच गवताचं, तरीही वरचे फाटे वर्षातला बराच काळ कोरडे असतात. तिथे आटणं हा आजार नाही. दोन वर्षांतला फरक अशा प्रकारचा असेल, तर ओढ्याला काही झालेलं नाही.

प्रवाह बांधांनी तुटला असेल तर चित्र वेगळं दिसतं. प्लेन्स मिनो, आर्कान्सा रिव्हर शायनर यांसारखे मासे चढत्या पाण्यात खुल्या प्रवाहातच अंडी सोडतात. ती अर्धवट तरंगत, वाहत जातात, एक-दोन दिवसांत फुटतात आणि पिल्लंही पुढचे काही दिवस वाहत राहतात. त्यासाठी सुमारे १०० किलोमीटर किंवा त्याहून लांब अखंड प्रवाह लागतो. मध्ये धरणाचा साठा आला की अंडी संथ पाण्यात तळाला बसून मरतात. अशा जाती ओल्या वर्षातही परत येत नाहीत. रेड शायनर आणि सँड शायनर भरपूर, पण ही वाहत्या अंड्यांची मंडळी सलग तीन-चार वर्षं शून्य, तर कारण तुमच्या पट्ट्यात नसून कित्येक किलोमीटर दूरच्या भिंतीत असतं. लहान ओढ्यांवर हेच काम रस्त्याखालची मोरी करते. मोरीचं तोंड पाण्यापेक्षा वीतभर उंच राहिलं तरी बोटाएवढा मिनो वर चढत नाही. वरचा भाग एकदा आटला की मग तो रिकामाच राहतो.

गुरांसाठीच्या तळ्यांतून निसटलेले मासे तिसरी खूण सोडतात. लार्जमाऊथ बास आणि ब्लूगिल ओढ्याच्या डोहात शिरले की लहान मिनो नाहीसे होतात, पाणी आणि तळ चांगला असूनही. टोपेका शायनर कॅन्ससच्या अनेक ओढ्यांतून गेला, त्यात अशा तळ्यांचा आणि बासचा मोठा हात मानतात. मोंटानात हेच काम नॉर्दर्न पाइक करतो. इथे एकूण जातींची संख्या फसवते, कारण बाहेरच्या माशांनी ती उलट वाढलेली असते. म्हणून निकष नेहमी ‘स्थानिक जाती’ असाच हवा. डासांसाठी भारतात अनेक गावांनी पाण्यात सोडलेला गंबुसिया टेक्सास-ओक्लाहोमाकडच्या पाण्यातला स्थानिक मासा आहे. उत्तरेकडच्या मैदानात मात्र तोही माणसानेच नेलेला, आणि तिथे त्याची गणना परक्यांतच करायची.

शेतातला गाळ वेगळे मासे नेतो. स्वच्छ गोट्यांत अंडी घालणारे मासे, खळाळातले ऑरेंजथ्रोट डार्टर आणि गोट्यांवरचं शेवाळ खरवडणारा सेंट्रल स्टोनरोलर आधी घटतात. फॅटहेड मिनो दगडाच्या किंवा लाकडाच्या खालच्या बाजूला अंडी चिकटवतो आणि नर त्यांची राखण करतो, त्यामुळे त्याचं फारसं बिघडत नाही. तुमच्या छेदांच्या नोंदीत गोटे गाळात रुतलेले दिसत असतील, तर हे दोन पुरावे एकमेकांना आधार देतात. गोठ्यांचं किंवा सांडपाणी प्रक्रियेचं पाणी येत असेल तर व्रण, परांची झीज आणि पहाटेचा ऑक्सिजन पाहा. दुपारचं एकच मोजमाप इथे निरुपयोगी, कारण शेवाळ माजलेल्या पाण्यात दुपारी ऑक्सिजन भरपूरच असतो.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. ‘ओढा आटला’ म्हणजे निसर्गतःच आटला, असं धरू नका. पश्चिम कॅन्ससमध्ये ओगालाला या विस्तीर्ण भूजलसाठ्याचा उपसा विसाव्या शतकाच्या मध्यापासून वाढत गेला आणि आर्कान्सा नदीचा मोठा भाग एरवी कोरडाच पडू लागला. तिथे आटणं हेच माणसाने केलेलं नुकसान आहे, आणि दुष्काळाची सूट देऊन ते झाकणं अन्याय होईल. यासाठी जवळच्या प्रवाहमापन केंद्राच्या जुन्या नोंदी काढा आणि उपसा वाढण्याआधी वर्षातले किती दिवस प्रवाह शून्य होता, ते आजच्याशी ताडून पाहा. केंद्र नसेल तर पट्ट्यात तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं तळाला बांधून ठेवा. पाणी गेलं की दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक एकदम वाढतो आणि कोरडे दिवस मोजता येतात.

फरक खरा की मोजणीतलाच, हे ठरवायला दरवर्षी साधारण दहातल्या एका ठिकाणी त्याच हंगामात दुसऱ्यांदा मासे पकडा. एकाच उन्हाळ्यात, काही न बदलता, दोन भेटींत १० ते १५ गुणांची तफावत येत असेल, तर दोन वर्षांतल्या १२ गुणांच्या बदलावर अहवाल लिहू नका. तुमचा २३ गुणांचा फरक त्याहून मोठा आहे, म्हणून तो खरा धरायला हरकत नाही. त्याचं कारण मात्र वर सांगितलेल्या खुणांवरूनच ठरेल.

अहवालात गुणांच्या शेजारी तीन गोष्टी लिहा: मागच्या बारा महिन्यांतले कोरडे दिवस, जवळच्या बारमाही डोहापर्यंतचं अंतर, आणि त्या वाटेतले अडथळे. ३८ गुणांच्या वर्षी १४० कोरडे दिवस होते, डोह ९ किलोमीटरवर होता आणि वाट मोकळी होती, तर ६१ हा त्या ओढ्याचा खरा स्वभाव. पण वाट मोकळी असून ओल्या वर्षातही ६१ च्या पुढे जात नसेल, आणि त्या प्रदेशातले फारसा धक्का न लागलेले ओढे तशाच वर्षी ८० च्या आसपास असतील, तर उरलेल्या १९ गुणांचं कारण शोधायला लागा. आणि मासा एकही मिळाला नाही, तर गुण शून्य लिहू नका. पाणलोटाच्या अगदी माथ्यावरचे छोटे फाटे निसर्गतःच माशांविना असतात. तिथे माशांचा निर्देशांक लागू नाही असं नोंदवा आणि तळाचे किडे व शेवाळ तपासा.